नमुन्याचे व्हॉल्व्ह

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली नेहमीसारखी फिरली. वरच्या कप्प्यात नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, खालच्या कप्प्यात पितळी साचे होते. मधल्या कप्प्यात लाकडी पेटी असायला हवी होती. तिथे आता धुळीत उमटलेला पेटीचा चौकोन तेवढा उरला होता.

पेटीत गॅस सिलिंडरला बसवायचे सहा व्हॉल्व्ह होते. नळी निसटली की आपोआप बंद होणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या देशाचा सरकारी परीक्षक येणार होता. हे सहा त्याच्या परीक्षेत पास झाले की त्या देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असाच व्हॉल्व्ह लावणं सक्तीचं होणार होतं. आणि असा व्हॉल्व्ह सध्या दुसरं कोणीच बनवत नव्हतं.

पोलिसांना सांगितलं असतं तर बातमी दिवेलागणीच्या आत डोंगर ओलांडून गेली असती. म्हणून मालकांनी चाळणीबाईंना बोलावणं धाडलं.

बाईंची उभी हयात सीमेवरच्या कस्टम नाक्यावर गेली होती. 'हिच्यापुढे पीठ खाली पडतं आणि खडा वर राहतो,' असं ट्रकवाले म्हणायचे, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं. निवृत्त झाल्यावर त्या कंपन्यांच्या घरातल्या भानगडी घरातल्या घरात निस्तरून द्यायच्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघणाऱ्या.

मालकांना सगळा कारखाना दादा म्हणायचा. त्यांचे हात फिटरचे होते, खुर्ची तेवढी मालकाची.

"हा नियम केला कोणी?" बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"त्यांच्या सरकारनं." दादा जरा थांबले. "लिहून आम्हीच दिला म्हणा ना. त्यांच्याकडे गळतीनं घरं जळत होती, मंत्र्यावर लोक चिडले होते. आमच्याकडे व्हॉल्व्ह होता. आमचे मेहुणे म्हणाले, माल विकत बसण्यापेक्षा नियमच विकू. एकदा कायद्यात आपला व्हॉल्व्ह बसला की गिऱ्हाईक शोधायला नको."

"आणि मंत्र्याला काय?"

"त्याच्या मतदारसंघात आमचा कारखाना. निवडणुकीआधी नारळ फोडायचा. इथली अर्धी यंत्रं तिकडे जातील."

"इथली माणसं?"

दादा मेजावरचा एक जुना व्हॉल्व्ह उचलून अंगठ्यानं पुसत राहिले. "माझ्या वेळी व्हॉल्व्ह उघडला की बोटं काळी व्हायची. आता आत बघाल तर पांढरंशुभ्र, लहान पोराच्या दातांसारखं. सगळंच बदललं."

म्हातारपणाची कुरकुर म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. "किल्ल्या कोणाकडे?"

"मेहुण्यांकडे एक, इंजिनीअरकडे एक. तिसरी माझ्या खणात पडून असते."

"उद्याची परीक्षा पुढे ढकलायची का?"

"नको," दादा म्हणाले. "उद्याच होऊ दे."

दाराशी पोचल्यावर बाईंना जाणवलं, की घरात चोरी झालेला माणूस इतका शांत नसतो.

२

मेहुणे मात्र अजिबात शांत नव्हते. दादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. परदेशचा सगळा धंदा त्यांच्याकडे. वडिलांनी कंपनी भावाबहिणीला निम्मी निम्मी वाटून दिली होती. तिचा निम्मा भाग कागदावर तिचा होता, पण बैठकीत बोलायचे ते हे.

"सरळ आहे हो बाई. स्पर्धक कंपनीचं काम. आमच्यातलाच कोणीतरी फोडलाय."

"शेजारच्या कप्प्यात नकाशे होते. साचे होते. स्पर्धकाचा माणूस ते सोडून तयार व्हॉल्व्ह नेईल? भांडारघर सोडून प्रसादाचा द्रोण पळवल्यासारखं झालं."

मेहुण्यांनी टाय सैल केला. "ते तुम्ही शोधा. मला आठवड्याची मुदत हवी. परीक्षकाला कळवतोय, काहीतरी कारण सांगून."

"कशाला? गोदामात असे व्हॉल्व्ह ढिगानं पडलेत. त्यातले सहा उचला आणि द्या."

प्रश्न साधा होता. पण मेहुण्यांचा टायवरचा हात तिथेच थांबला.

"नमुन्याचे म्हणजे... त्यांना वेगळी झिलई असते. दिसायला. परदेशी माणसापुढे गोदामातला माल ठेवायचा म्हणजे..."

"मुलगी दाखवायला शेजारची बसवल्यासारखं?"

ते हसले, पण उशिरा. "तुम्ही इंजिनीअरला धरा. तो फार तत्त्वाचा माणूस आहे. तत्त्वाच्या माणसाचा नेम नसतो."

बाई उठल्या. ज्याची हजारो भावंडं गोदामात झोपली आहेत, ते मूल पळवून कोणाला काय मिळणार? चोराला ते सहा हवे असतील, तर एकाच कारणानं. ते सहा इतरांसारखे नसतील.

३

जोडणी विभागात लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. पितळेचं धड, त्यात स्प्रिंग, त्यावर रबराचं वॉशर, मग टोपी. हात यंत्रासारखे चालत होते आणि गप्पा त्याहून वेगात.

"कारखाना तिकडे गेला की आम्ही काय करायचं, ते विचारायला आलात का?" एकीनं विचारलं.

"तिकडे बर्फ पडतो म्हणे," दुसरी म्हणाली. "हिला पाठवा. ही उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालते."

टेबलभर हशा पिकला, आणि लगेच ओसरलाही. बाई त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. एक अर्धवट जोडलेला व्हॉल्व्ह त्यांनी हातात घेतला, वॉशर काढून बघितलं, परत बसवलं. तयार मालाच्या पेटीतला एक मागून घेऊन पर्समध्ये टाकला.

बाहेर नळाखाली हात धुताना त्या थबकल्या. साबण दोनदा लावला तरी अंगठ्यावरचा डाग जाईना. काळाकुट्ट डाग.

आता आत बघाल तर पांढरंशुभ्र, असं दादा म्हणाले होते.

नळ तसाच वाहत राहिला.

४

कंपनीचा सल्लागार पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता. हा मूळचा इकडचाच, पण डोंगरापलीकडे त्याची वीस-एक वर्षं गेलेली. तिथल्या मंत्रालयात कोणाचा चहा कुठल्या मजल्यावर असतो हेही त्याला ठाऊक होतं. परीक्षकाबरोबर बोलणी करायला तो आदल्या दिवशीच येऊन बसला होता.

"नियमाच्या मसुद्यात मध्यंतरी काही बदललं का?" बाईंनी विचारलं.

तो नवलानं बघायला लागला. "पहिल्याच प्रश्नात मर्मावर बोट ठेवलंत. आम्ही दिलेल्या मसुद्यात परीक्षा साध्या हवेत घ्यायची होती. मग विरोधी पक्षाला वास लागला. भर सभेत एक जण उठला आणि म्हणाला, आमच्या घरात हिवाळ्यात घागरीतलं पाणी गोठतं आणि तुमचा व्हॉल्व्ह उन्हात पास होणार? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. मंत्री घाबरला. गोठणाऱ्या थंडीतल्या परीक्षेचं कलम घालावंच लागलं."

"म्हणजे त्या माणसाला लोकांची काळजी होती."

"त्याला मंत्र्याची खुर्ची हवी होती. पण म्हणून कलम चुकीचं ठरत नाही, बाई. राजकारणात असं बरेचदा होतं. माणूस स्वतःच्या पोटासाठी ओरडतो आणि चुकून खरं बोलून जातो."

"तुम्ही हे कंपनीला कळवलंत?"

"लगेच. मेहुण्यांना. ते म्हणाले, बघतो."

"आणि उद्या व्हॉल्व्ह नापास झाले तर?"

सल्लागारानं उठून दार लोटलं. परत बसल्यावर त्याचा आवाज खाली आला होता.

"ते नापास होणार नाहीत. निवडणूक तोंडावर आहे, मंत्र्याला पायाभरणीचा फोटो हवाय. परीक्षकाला वरून सांगून ठेवलंय. समोर जे ठेवाल ते तो पास करेल. बर्फाची बादली आणेल, फोटो काढेल आणि सही करेल."

"हे इथे कोणाला माहीत आहे?"

"अजून कोणालाच नाही. मलाही काल रात्री कळलं. आज मेहुण्यांना सांगणार होतो, पण ते पेटीच्या मागे."

बाईंना एकाएकी घाई झाली. चोराचा सगळा हिशेब ज्या गोष्टीवर उभा होता, ती गोष्टच मुळात खोटी निघाली होती. आणि त्या बिचाऱ्या चोराला याची गंधवार्ता नव्हती.

५

इंजिनीअर प्रयोगशाळेत एकटाच बसला होता. बाईंनी पर्समधून व्हॉल्व्ह काढून त्याच्यापुढे ठेवला.

"हा आत्ताच्या आत्ता गारठवून दाखवा. गॅस नको, हवा भरा."

त्याने हरकत घेतली नाही. जणू कोणीतरी हे सांगावं म्हणून तो वाट बघत असावा. लहान टाकीला व्हॉल्व्ह बसवला, टाकी शीतपेटीत ठेवली. दोघं तिच्यासमोर बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्याने ती बाहेर काढली, गार पाण्यात बुडवली आणि नळी खेचली. व्हॉल्व्ह 'टक्' करून मिटला. मग पाण्यातून एक बुडबुडा वर आला. त्यामागे दुसरा. मग त्यांची सावकाश, न थांबणारी माळ लागली.

"थंडीत काळं रबर आखडतं," इंजिनीअर म्हणाला. "आपल्या हवेत काही होत नाही. तिकडे खिडक्या बंद करून, शेगडीभोवती बसतात माणसं."

"आणि त्या सहांमध्ये?"

"पांढरं रबर. फार महाग. त्यानं गळत नाही. पण सगळ्या मालात ते घातलं तर मंत्र्याला कबूल केलेल्या भावात व्हॉल्व्ह बसत नाही. मेहुणे म्हणाले, आधी पास होऊ, कारखाना उभा राहू दे, मग वर्षभरात रबर बदलू."

"वर्षभरात एक हिवाळा येतो."

तो बुडबुड्यांकडे बघत राहिला. "हे मी त्यांना म्हणालो होतो. एकदाच म्हणालो. नंतर गप्प बसलो."

"हे आणखी कोणाला ठाऊक?"

"कोणालाच नाही. सुट्टीच्या दिवशी मी माझ्या हातानं ते सहा जोडले. मेहुणे समोर बसून होते. दादांच्या कानावर जाता कामा नये, अशी सक्त ताकीद होती."

"टोपी न उघडता आतला रंग दिसतो?"

"छे. पाना लावून उघडावंच लागतं."

बाईंनी पदरानं अंगठा पुसला. डाग अजून होताच.

६

दादा मागच्या अंगणात आपल्या जुन्या गाडीला टेकून उभे होते. बाई त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, डिकी उघडता का?"

ते थोडं हसले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, आणि डिकी उघडल्यावर बाजूला सरकले. जुन्या घोंगडीत गुंडाळलेली लाकडी पेटी तिथे होती.

"कसं ओळखलंत?"

"तुम्हीच सांगितलंत. कारखान्यात सगळ्या मालात काळं रबर पडतं. पांढरं फक्त त्या सहांमध्ये, आणि ते जोडणाऱ्यांनी तुमच्यापासून लपवलेलं. तरी तुम्ही म्हणालात, आत पांढरंशुभ्र. म्हणजे तुम्ही पेटीतला व्हॉल्व्ह उघडून बघितला होतात. मेहुण्यांना परीक्षा लांबवायची होती, कारण त्यांना नवे सहा बनवायला वेळ हवा होता. इंजिनीअरला चोरी करायचं कारण नव्हतं, त्यानं एक शब्द उच्चारला असता तरी काम झालं असतं. परीक्षा उद्याच व्हावी असं म्हणणारे तुम्ही एकटे. पेटी नाही, नवे बनवायला वेळ नाही, म्हणजे गोदामातला माल पुढे करावा लागणार. तो थंडीत गळणार. नापास होणार. कोणी कोणाचं नाव घ्यायला नको."

"साप मरेल आणि काठीही मोडणार नाही," दादा म्हणाले. "देशाबाहेर जाणारा आमचा पहिला व्हॉल्व्ह. हात शिवशिवले म्हणून एक उघडून बघितला. थंडीच्या परीक्षेचं वर्तमानपत्रात आलं होतंच, आत पांढरं दिसल्यावर बाकीचं कळलं."

"मग सरळ बोलला का नाहीत? मालक तुम्ही."

"निम्मा. निम्मी माझी बहीण." त्यांनी डिकीच्या काठावर हात ठेवला. "ते स्थळ मी आणलं होतं, बाई. वडील नको म्हणत होते. आता भर बैठकीत उभं राहून तिच्या नवऱ्याला लबाड म्हणू? तिनं कोणाच्या बाजूनं बोलायचं? तिचा संसार मोडायचा की माझं तोंड बंद ठेवायचं, याचाच विचार करत होतो. वाटलं, नियमानंच परस्पर निकाल लावावा."

"नियम काही करणार नाही, दादा."

आणि बाईंनी सल्लागारानं सांगितलेलं सगळं सांगितलं. परीक्षक समोर ठेवाल ते पास करणार. काळं ठेवलं तर काळं.

दादांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे मी पेटी लपवली नसती तर निदान उद्याचे सहा तरी खरे असते."

"आणि घराघरात जाणारे खोटेच असते. तेव्हा तो विचार सोडा. पण आता गप्प बसून भागणार नाही. कोणीतरी तोंड उघडायला हवं. ते तुम्हीच."

७

परीक्षक गोलमटोल आणि दमलेला माणूस होता. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, त्याच्या एका बाजूला मेहुणे, सल्लागार आणि इंजिनीअर. दादांच्या सांगण्यावरून या खेपेला बहिणीलाही बोलावलं होतं. ती टेबलाच्या टोकाला बसली होती, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेली. बाई भिंतीशी.

दादांनी स्वतः दोन टाक्या उचलून आणल्या. दोन्ही इंजिनीअरनं पहाटेपासून शीतपेटीत ठेवलेल्या.

"एकीवर आमच्या पेटीतला नमुना आहे," ते म्हणाले. "दुसरीवर आम्ही तुमच्या लोकांना जो विकणार आहोत, तो."

मेहुणे अर्धवट उठले. "दादा, अहो..."

"बसा मेहुणे."

पाण्यानं भरलेल्या काचेच्या टाकीत पहिली बुडवली, नळी ओढली. पाणी स्थिर राहिलं. मग दुसरी. बुडबुडे वर येऊन फुटू लागले.

परीक्षकानं चष्मा काढला. "हे तुम्ही मला दाखवलं नसतं तर बरं झालं असतं."

"माहीत आहे," दादा म्हणाले.

"मला जे पास करायचं होतं, ते पास करून मी दुपारी परत निघणार होतो." त्याने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. "माझी आईही तिकडेच राहते, वरच्या गावात. आता बघितलं ते बघितलं. सही करता येणार नाही."

मेहुण्यांना कंठ फुटला. दोन वर्षांची मेहनत, सगळा धंदा याच तत्त्वावर चालतो, वर्षभरात आपण रबर बदलणारच होतो, स्पर्धक टपून बसलेत. त्यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. म्हणूनच ऐकायला अवघड जात होतं.

"पेटी मी लपवली," दादा मध्येच म्हणाले. "चोर मीच." मग बहिणीकडे वळले. "मला तुझ्या घरात आग लावायची नव्हती."

बहिणीनं आधी इंजिनीअरला विचारलं, सगळ्या मालात पांढरं रबर घालायला काय लागेल. त्याने सांगितलं. मग ती भावाकडे वळली. आवाज चढला नाही, पण मेहुणे खाली बघायला लागले.

"दादा, तुला कळल्यावर तू माझ्याकडे का नाही आलास?"

"तू यांची बाजू घेशील असं..."

"हे तू ठरवलंस. यांनीही तेच ठरवलं, की मला सांगायची गरज नाही. निम्मी कंपनी माझ्या नावावर ठेवलीत आणि माझं मत मात्र तुम्ही दोघांनी आपापसांत वाटून घेतलंत." ती क्षणभर थांबली. "एकानं माल लपवला, एकानं पेटी लपवली. मला विचारलं असतंत तर दोन्ही लपवावं लागलं नसतं."

बाईंनी आयुष्यभर नाक्यावर माणसांना पकडलं होतं. पण इतक्या थोड्या शब्दांत इतक्या जणांना पकडलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

८

नियम रखडला. मंत्र्यानं कंपनीला भर सभेत दगाबाज म्हटलं, आणि निवडणूक हरला. नवं सरकार आलं. त्याने जुना मसुदा फाडून नवा केला. थंडीची परीक्षा राहिली, पण दुकानातून उचललेल्या मालावर. कोणत्याही कंपनीनं यावं, मात्र स्थानिक भागीदार घ्यावा, आणि मोठा वाटा त्याचा. मक्तेदारीचं स्वप्न संपलं होतं. दादांच्या कंपनीला आता चार स्पर्धकांबरोबर रांगेत उभं राहायचं होतं. इथली यंत्रं तूर्त इथेच राहिली. तूर्त, हा शब्द जोडणी विभागातल्या बायकांना नीट समजत होता.

मेहुण्यांनी परदेशचं काम सोडलं. घरचं मी घरी बघते, एवढंच बहीण म्हणाली, आणि कोणी पुढे विचारलं नाही. ते काम आता तिच्याकडे आलं.

अर्ज द्यायला ती डोंगरापलीकडे निघाली, त्या सकाळी बाई सहज कारखान्यात आल्या होत्या. सीमेवर कुठल्या खिडकीशी उभं राहावं, कोणाशी गोड बोलावं आणि कोणाशी मुळीच बोलू नये, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. गाडी दारात उभी होती. दादा पायरीवर घुटमळत होते.

"मी येऊ का सोबत?" शेवटी त्यांनी विचारलं. "नव्या मंत्र्याला कोणीतरी वडीलधारं दिसलेलं बरं."

बहिणीनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"ये की," ती म्हणाली. "पण तिथे बोलायचं मी."

दादांनी मान हलवली, आणि तिची बॅग गाडीत ठेवायला पुढे झाले.